रीतसर गांजा

विमा कार्यालयाच्या दप्तरी माझी बायको तालेया अकरा दिवस मेलेली होती. त्या अकरा दिवसांत तिने दोनदा केक केला, शेजारच्या हिल्केशी कुंपणावरून भांडण करून समेटही केला, आणि रोज दुपारी तीन वाजता माझ्यासमोर चहाला बसली. पण दप्तर ते दप्तर. मी स्वतः छत्तीस वर्षं नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात काढली आहेत. कागदावर असेल तेच खरं, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने हजारो लोकांना ऐकवलं आहे. आता बाहेरच्या बाजूला उभं राहून ऐकायची पाळी माझ्यावर आली, एवढंच.

आणि हे सगळं झालं गांजापायी.

गैरसमज नको. आयुष्यात मी एकदाच सिगारेट ओढली, तीही लष्करात असताना, वरिष्ठांनी दिली म्हणून. तालेयाने तर तीस वर्षं सायकलवरून या गावात टपाल वाटलं. समुद्राकडून येणारा वारा तोंडावर घेत ती रोज बावीस किलोमीटर सायकल मारायची, आणि घरी येऊन विचारलं तर म्हणायची, जरा वारा होता. नऊ वर्षांपूर्वी तिच्या मज्जातंतूंना आजार जडला. पायांचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात आणि मग आतून पिळवटायला लागतात. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, गरम पाण्याचे टब झाले. वसंतात आमचे डॉक्टर पोपिंगा चष्मा काढून म्हणाले, "आता एकच राहिलं. गांजाच्या अर्काचे थेंब. औषध म्हणून. फक्त विमा कार्यालयाची आधी मंजुरी हवी."

मग त्यांनी तालेयाला विचारलं, "यातून तुम्हाला काय साधायचं आहे? म्हणजे, फॉर्ममध्ये तसा रकाना आहे."

तालेया म्हणाली, "तासभर खुर्चीत बसता आलं पाहिजे."

मला वाटलं, ती डॉक्टरांचा वेळ वाचवते आहे. सायकल, बाग, नातवंडं असं काहीतरी भारदस्त लिहायचं सोडून खुर्ची काय सांगायची. पण रकाना लहान होता आणि खुर्ची त्यात बसली.

इथे चहाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढे ते लागणार आहेत. आमच्या भागात चहा तीन कप. एका कपावर उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावण्यासारखं. कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर चहा, वरून कडेने साय, आणि ढवळायचं नाही. मग चमचा कशाला, असं कुणी विचारेल. तर पुरे झालं की तो कपात ठेवायचा. कपात चमचा दिसला की ओतणाऱ्याने पुढे काही विचारायचं नाही, किटली खाली ठेवायची. आमच्या घरी ओततो मी. गेली दोन वर्षं तालेया पहिल्याच कपानंतर चमचा आत ठेवून सोफ्यावर जाऊन आडवी होत होती. वय वाढलं की चहा कमी होतो, असा मी त्याचा अर्थ लावला होता आणि उरलेला चहा एकटा पीत होतो.

असो. अर्ज म्हटल्यावर माझ्या अंगात वीस वर्षांचा तरुण संचारला. मी नवी फाईल आणली, पाच रंगांची विभाजकं आणली, आणि निवृत्तीच्या दिवशी खात्याने भेट दिलेलं पंचिंग मशीन माळ्यावरून काढून तेल घातलं. कागदाच्या बरोबर मध्यावर दोन भोकं पडली की मनाला जी शांती मिळते ती ज्याने अनुभवली नाही त्याला सांगून उपयोग नाही. लोक देवळात जातात, चर्चमध्ये जातात. मी पंच करतो.

बातमी मात्र फुटलीच. सल्ला देणारे पायलीचे पंधरा, पण आमच्याकडे दोनच होते आणि ते पंधरांना पुरून उरत.

डावीकडची हिल्के. तिचे दोन्ही गुडघे, एक खुबा आणि नवऱ्याची कवळी, सगळं विम्यातून झालेलं. विम्याच्या बाबतीत तिचा शब्द आमच्या गल्लीत प्रमाण. "अहो एन्नो," ती कुंपणावरून म्हणाली, "एक लक्षात ठेवा. शून्य ते दहात दुखणं किती, असं विचारतील. नऊ लिहायचं. सातच्या खालचं कुणी वाचतसुद्धा नाही."

"जे आहे तेच लिहिलं जाईल," मी म्हणालो.

"मग बसा," ती म्हणाली.

उजवीकडचा वियार्ड. जन्मभर खाडीतला गाळ उपसण्याच्या बोटीवर होता. नव्या कायद्याने घरी तीन झाडं लावायची परवानगी मिळाल्यापासून त्याच्या काचघरात टोमॅटोंच्या मागे तीन उंच, हिरवीगार, अतिशय समाधानी दिसणारी झाडं उभी होती. "अरे, अर्ज कसला करतोस?" तो म्हणाला. "पीक येऊ दे. कुंपणावरून देतो."

"लावायला परवानगी आहे, दुसऱ्याला द्यायला नाही," मी म्हणालो. "मी कायदा वाचलाय."

"तू वाचलाच असशील. अठ्ठ्याण्णव साली माझ्या शेडला अकरा सेंटीमीटरसाठी नाही म्हणालास, तेव्हाही वाचला होतास."

"बारा," मी म्हणालो.

अर्जाला चार आठवड्यांची वेदनेची नोंदवही जोडायची होती. सकाळ-संध्याकाळ एकेक आकडा. तालेयाचं अक्षर टपालखात्यातलं, घाईचं, म्हणून ही जबाबदारी मी घेतली. नाश्त्याला मी पेन उघडून विचारायचो, "किती?" ती पावाला लोणी लावत म्हणायची, "चाललंय." आता 'चाललंय' हा काही आकडा नाही. आमच्या भागात लॉटरी लागली तरी 'चाललंय' आणि घर जळलं तरी 'चाललंय'. माझ्या वडिलांनी छपरावरून पडून मांडी मोडून घेतली, तेव्हा ते डॉक्टरांना म्हणाले, जरा टेकलो. तेव्हा मी पद्धत ठरवली. 'चाललंय' म्हणजे दोन. 'जरा ओढतंय' म्हणजे तीन. आणि माप पक्कं असावं म्हणून पहिल्याच दिवशी तिला विचारून घेतलं, "दहा म्हणजे काय धरायचं?"

तिने विचार केला. "बासष्टचा पूर," ती म्हणाली. त्या रात्री ती आठ वर्षांची होती आणि तिचा मामा बांधावरून परत आला नव्हता. म्हणजे दहा तिकडे गेला. नऊ आणि आठ त्याच्या शेजारी रिकामे ठेवले, अदबीने. उरलं सातपर्यंतचं माप.

तिसऱ्या आठवड्यात एकदा ती लोण्याची सुरी खाली ठेवून म्हणाली, "सहा."

मी पेन थांबवलं. "नक्की ना? सहा म्हणजे बरंच झालं. सरकारी कागद आहे, तालेया. अतिशयोक्ती नको."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सुरी उचलली. "चार लिही," ती म्हणाली.

मी चार लिहिलं. सुंदर आलं होतं अक्षर.

मे महिन्यात फाईल रवाना झाली. आठवड्याने विमा कार्यालयातल्या ब्रिंकमनबाईंचा फोन आला. आवाज गोड, पण डॉक्टरांच्या प्रश्नावलीचं चौथं पान नव्हतं. माझ्या फाईलमधून पान गेलं, हे ऐकून मला खुर्चीवर बसावं लागलं. (ते डॉक्टरांच्या टेबलावर कॉफीच्या मगाखाली सापडलं. माझ्या हातून ते गेलं नव्हतं, हे नमूद करून ठेवतो.)

"आज बारापर्यंत फॅक्स करा," ब्रिंकमनबाई म्हणाल्या. "नाहीतर फाईल पुन्हा रांगेच्या शेवटी जाईल."

"ई-मेल करू का?"

"ई-मेल सुरक्षित नाही," त्या म्हणाल्या. मी सरकारी नोकरीतला माणूस, मला ते लगेच पटलं.

दवाखान्याचं फॅक्स यंत्र इस्टरपासून आजारी होतं. शाळेने आपलं भंगारात दिलेलं. गावात चालू फॅक्स फक्त मेन्ट्सकडे, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करतात त्यांच्याकडे. मेन्ट्स भला माणूस. शवपेट्यांच्या नमुन्यांमधून वाट काढत त्याने मला आत नेलं आणि डॉक्टरांच्या सहीचं चौथं पान बाराला सात मिनिटं असताना पाठवून दिलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "आपलं नेहमीचंच आहे."

त्याच्या यंत्राला एक सवय होती, ती मला नंतर कळली. पाठवलेल्या पानाच्या माथ्यावर ते आपणहून छापायचं: मेन्ट्स आणि मुली, अंत्यसंस्कार, आपल्या दुःखात सहभागी.

पाचव्या दिवशी पत्र आलं. आमच्या मान्यवर सभासद श्रीमती तालेया हार्बर्ट्स यांच्या निधनाची वार्ता समजून कार्यालयास तीव्र दुःख झाले आहे. त्यांच्या एकोणपन्नास वर्षांच्या निष्ठावान सभासदत्वाबद्दल कार्यालय ऋणी आहे. औषधाचा अर्ज विषय उरला नसल्याने बंद करण्यात येत असून कार्ड सोयीनुसार परत करावे.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. तालेयाने चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. "छान लिहिलंय," ती म्हणाली. "टपालखात्याने निवृत्तीला नुसतं घड्याळ दिलं होतं." मग पत्राची घडी घालत म्हणाली, "ते 'सोयीनुसार' आवडलं मला."

मी ब्रिंकमनबाईंना फोन लावला. वाट पाहत सव्वीस मिनिटं फोनवरची बासरी ऐकली. "माझी बायको जिवंत आहे," मी म्हणालो. "आत्ता माझ्यासमोर बटाटे सोलतेय."

"मला आनंदच आहे," त्या म्हणाल्या, आणि तो खरा वाटला. "पण हे लेखी लागेल. नगरपालिकेचा हयातीचा दाखला."

नगरपालिका म्हणजे माझं माहेर. खिडकीत इम्के होती. मीच शिकवून तयार केलेली मुलगी, आता केस पांढरे झालेले. मी आत जायला लागलो तर ती नम्रपणे म्हणाली, "साहेब, टोकन घ्या." मी टोकन घेतलं. नंबर आल्यावर म्हणाली, "साहेब, व्यक्ती समक्ष हजर पाहिजे."

"इम्के, तू तालेयाला ओळखतेस. तिने तुझ्या लग्नाची पत्रं वाटली आहेत."

"ओळखते ना. पण नियम आहे." तिने जरा घुटमळून पुढे सांगितलं, "तुम्हीच केलेला. शहाण्णवचं परिपत्रक."

स्वतःच्या शाईने तोंड काळं होण्याचा प्रसंग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. दुसऱ्या दिवशी मी तालेयाला घेऊन गेलो. टोकन सत्तेचाळीस, चालू नंबर एकतीस. बसायला बाक होतं. ते बाकही माझंच. एक्क्याण्णव साली खरेदी समितीत मी भाषण केलं होतं की बाकाला पाठ असली की लोक टेकतात, टेकले की गप्पा मारतात, आणि मग कामं तुंबतात. तेव्हा बिनपाठीची, ओकच्या लाकडाची, जराशी अरुंद बाकं आली. कामं तुंबायची थांबली की नाही ते माहीत नाही, पण त्या भाषणाला टाळ्या पडल्या होत्या.

त्या बाकावर तालेया चाळीस मिनिटं बसली. दोन्ही हातांनी तिने बाकाची कड धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडलेली मी पाहिली. "ठीक ना?" मी विचारलं. "चाललंय," ती म्हणाली. दोन, असं मी मनात लिहिलं. सवय लागली होती.

इम्केने तिचं ओळखपत्र पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, शिक्का उचलला. तालेया म्हणाली, "नीट बघून घे गं. मागाहून तक्रार नको." इम्के हसली आणि शिक्का मारला. माझी बायको अकराव्या दिवशी रीतसर जिवंत झाली.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात निर्णय आला. नामंजूर.

मी नामंजुरीची पत्रं लिहिण्यात आयुष्य घालवलं आहे, त्यामुळे पत्र कसं आहे हे मला लिफाफ्याच्या जाडीवरूनच कळतं. पातळ लिफाफा म्हणजे नाही. हो म्हणायला कागद जास्त लागतात. आत लिहिलं होतं की सादर केलेल्या नोंदवहीनुसार वेदनेची सरासरी तीव्रता दोन पूर्णांक आठ असून ती गंभीर मानता येत नाही. आणि पुढे, जणू सांत्वनाला, लिहिलं होतं: नोंदी अत्यंत सुबक, सुसंगत व विश्वासार्ह आहेत.

सुबक. मला त्या शब्दाने आधी गुदगुल्या झाल्या, हे कबूल करतो. मग पुढचं समजलं.

हिल्केने कुंपणावरून माझ्याकडून नोंदवहीची प्रत मागून घेतली आणि उभ्या उभ्या चाळली. "अहो एन्नो, हा काय हवामानाचा अंदाज आहे? दोन, तीन, दोन, तीन. माझ्या चपलेत खडा गेला तर मी तीन म्हणते." तिने वही परत दिली. नेहमीसारखी हसली नाही. "ज्याचं जळतं त्याला कळतं. पण लिहिलंय कुणी? तुम्ही."

मी तिला सांगितलं की फेरविचाराच्या अर्जाला महिन्याची मुदत आहे आणि मी त्याचा अकरा पानी मसुदा तयार करतो आहे, परिशिष्टांसह. ती आत गेली.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी उंबरठ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुरंब्याची बरणी दिसली. उघडली तर वास असा की शेजारचं मांजर कुंपणावर येऊन बसलं. वियार्डचं पहिलं पीक. मी ताबडतोब बैठक मारून पत्र लिहिलं: आपण आमच्या उंबरठ्यावर ठेवलेली वस्तू, ती स्वीकारणे कायद्यात बसत नसल्याने, साभार परत. खाली त्याच्या सहीसाठी रेघ मारली आणि बरणी घेऊन त्याच्या दारात गेलो.

वियार्डने पत्र वाचलं. "ही रेघ कसली?"

"पोच. बरणी मिळाल्याची."

 वियार्ड कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "एन्नो, तुझी बायको तिकडे पिळवटून निघतेय आणि तू माझ्याकडे पोच मागतोस?"

"तसं फार काही नाही," मी म्हणालो. "सरासरी तीनच्या आत आहे."

"तीन? परवा ती माझ्या कुंपणाला धरून उभी होती. पंधरा मिनिटं. पुढे पाय टाकता येईना, मागे येईना. मी म्हटलं, घरापर्यंत सोडतो. तर म्हणाली, नको, एन्नो बघेल. म्हटलं, मग बघू दे ना. म्हणाली, नको, त्याने नुकतीच हिरवळ कापलीय, खुशीत आहे." त्याने माझ्या हातातून बरणी घेतली. पेनही घेतलं आणि रेघेवर सही केली. "ही घे तुझी पोच."

आमच्या दोन घरांमध्ये वीस पावलं आहेत. ती चालताना माझ्या मनात एकही मुद्दा क्रमाने येईना. तालेया स्वयंपाकघरात दोन्ही कोपरं ओट्यावर टेकून उभी होती, पाठ माझ्याकडे. रोज तशीच उभी असते. मी त्याला तिची उभं राहायची लकब समजत होतो.

"किती?" मी विचारलं.

"चाललंय."

"नाही, खरं किती?"

ती वळली नाही. "कागदासाठी की असंच?"

"असंच."

"सहाचे तू चार केलेस ना, त्या दिवशी मला कळलं की सहाला जागा नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आणि मीच कबूल केलं. माझीही चूक आहे. आपल्याकडे कुणी ओरडत नाही, म्हणून मीही ओरडले नाही."

मला लाज वाटली. याला दुसरा शब्द नाही, आणि मी शोधलाही नाही. छत्तीस वर्षं मी लोकांच्या अर्जांत जास्तीचं काय आहे ते शोधलं होतं. कमी काय लिहिलंय, हे पाहायला मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला शिकवलं नाही.

माझा अकरा पानी मसुदा तिने बाजूला सारला. नातीची एक उरलेली शाळेची वही काढली, वर ससा होता. "आता मी लिहिते," ती म्हणाली. "तू भोकं पाड."

दोन आठवडे ती लिहीत होती. मी पेन उघडून समोर बसलो नाही. एकदा तिच्या खांद्यावरून डोकावायला गेलो तर तिने वही मिटली. "तू अर्जदार नाहीस," ती म्हणाली. कायद्याने बरोबर होतं. लिफाफा तिने स्वतः चिकटवला, आणि टपालपेटीत टाकायलाही स्वतःच आली. मी गाडी पेटीला इतकी लागून उभी केली की तिने काच खाली करून आतूनच टाकला. पेटीच्या झाकणावर दोन बोटं वाजवली, नोकरीत वाजवायची तशी.

तीन आठवड्यांनी उत्तराचा लिफाफा आला. जाड. पुनर्विचारांती मंजूर. आणि कार्यालयाच्या शिस्तीप्रमाणे, मूळ कागदपत्रे साभार परत. सशाची वही आत होती, कोपऱ्यात आवक क्रमांकाचा शिक्का. एका चिठ्ठीवर ब्रिंकमनबाईंनी हाताने लिहिलं होतं: हे मी आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी, दोघींनी वाचलं. आम्हाला वाईट वाटतं.

तालेयाने सगळं वाचून वही माझ्यापुढे सरकवली. "आता काम संपलंय. वाच," ती म्हणाली, आणि हिल्केबरोबर औषधांच्या दुकानात निघून गेली.

सोमवार. आठ. उठताना पलंगाची कड धरून साठपर्यंत मोजले. एन्नो न्हाणीघरात गात होता.

बुधवार. नऊ, अर्धा तास. चहाला बसले. पहिला कप पुरा केला. दुसरा हवा होता. पाय खुर्चीखाली वळायला लागले तेव्हा चमचा कपात ठेवला. एन्नो विचारत नाही, कारण आमच्याकडे चमचा दिसल्यावर विचारत नाहीत. ती चांगली रीत आहे.

गुरुवार. सात. बरा दिवस. कुंपणापर्यंत गेले आणि आले.

शेवटच्या पानावर तिने मथळा घातला होता, बहुधा माझ्याकडूनच शिकलेला: मागील नोंदींबाबत खुलासा. खाली एकच ओळ होती. नगरपालिकेतले बाक, चाळीस मिनिटे: दहा. पूर नव्हे, तरी दहा. बाक माझ्या नवऱ्याने निवडलेले आहे, तो माणूस वाईट नाही, त्याला माहीत नव्हते.

मी ती वही समोर ठेवून रडलो. हेही नमूद करून ठेवतो. मग दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत गेलो, टोकन घेतलं, आणि पाठ असलेल्या बाकांसाठी लेखी विनंती दिली. इम्केने ती घेतली आणि म्हणाली, सहा महिने तरी लागतील, साहेब. मी म्हणालो, माहीत आहे.

थेंबांनी चमत्कार झाला नाही. पहिल्या आठवड्यात तालेयाचं तोंड कोरडं पडलं आणि एका संध्याकाळी बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या कानातल्यांवर ती उगाचच हसत बसली. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी दोन थेंब कमी केले. वियार्डने कुंपणावरून विचारलं, "सरकारी माल कसा आहे?" तालेया म्हणाली, "चाललंय." मी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिने दुरुस्ती केली, "सहा. काल सात होतं."

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी तीन वाजता मी नेहमीप्रमाणे चहा ओतला. खडीसाखर तडकली, साय वर आली. तालेयाने पहिला कप संपवला. मी किटली हातात धरून चमच्याकडे बघत होतो. चमचा बशीत होता. दुसरा कप ओतला. ती हिल्केच्या नव्या पडद्यांबद्दल बरंच वाईट बोलली, आणि मी सगळ्याला हो म्हणालो. दुसरा संपला, तरी चमचा बशीतच.

"किती?" मी विचारलं.

"पाच."

'नक्की ना?' हे शब्द छत्तीस वर्षांच्या सवयीने ओठांपर्यंत आले होते. ते गिळून मी तिसरा कप ओतला. तिने तो सावकाश प्यायला. भिंतीवरचं टपालखात्याचं घड्याळ चारच्या पुढे गेलं होतं. किटली रिकामी होती आणि चमचा अजून बशीत होता, तेव्हा मी उठलो आणि पुन्हा पाणी ठेवलं.